भुईफोड संवर्धन उपसमिती

एखाद्या गोष्टीचं वाटोळं करायला शत्रू लागत नाही, एक समिती नेमली की भागतं. हे मी अनुभवाने सांगतो. त्या समितीचा मी तांत्रिक सल्लागार होतो.

माझं नाव कुंडलिक पगारे. ठाण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. सहायक म्हणजे काय, तर प्राध्यापक फळ्यावर जे काढणार ते आधी टेबलावर आणून ठेवणारा. जास्वंद, नेचा, शेवाळ आणि पावावरची बुरशी. तेवीस वर्षं मी पावाला बुरशी आणतो आहे. पाव ओला करून कपाटात ठेवला की चौथ्या दिवशी बुरशी हजर. माझ्याइतकं वेळेवर काम त्या विभागात फक्त तीच करते. या तेवीस वर्षांत पंधरा-सोळा प्राध्यापक आले, डॉक्टर झाले, गेले. त्यातल्या निम्म्यांच्या प्रबंधातल्या आकृत्या माझ्या हातच्या आहेत. प्रस्तावनेत ते आभार मानतात ते पत्नीचे, आईवडिलांचे आणि टायपिस्टचे. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे.

राहतो कोलशेतला, 'नवप्रभात' सोसायटीत, तळमजल्यावर. सोसायटीच्या मागे खाडीच्या अंगाला उंचवट्याची एक पट्टी आहे. नकाशात तिथे 'मनोरंजन मैदान' असं लिहिलेलं आहे. बिल्डर ते मैदान करायचं विसरला. निसर्गाची त्याने केलेली ही एकमेव सेवा. त्या पट्टीवर कोळीवाड्यातली मनुबाई आपल्या तीन बकऱ्या चारायची आणि जाळी सुकवायची. सोसायटी पंच्याऐंशी सालची, मनुबाईची जाळी तिच्या आजेसासऱ्यापासूनची. तरी दर वार्षिक सभेला 'आयत्या वेळचे विषय' म्हटलं की कोणीतरी नाकाला रुमाल लावल्यासारखा चेहरा करून उभं राहायचं आणि जाळ्यांच्या वासाचा विषय काढायचं. ठराव व्हायचा, चहा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी जाळी पुन्हा गवतावर असायची.

आमच्याकडे मनुबाईचं येणं-जाणं होतं. निवट्या, कोळंबी, मिळेल ते टोपलीत घेऊन ती आधी आमच्या दारात यायची. मला ती 'मास्तर' म्हणायची. मी मास्तर नाही हे मी तिला कधी सांगितलं नाही. जगात एका माणसाने तरी गैरसमजात राहावं.

तर एक्क्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी मी मागच्या दोरीवर बनियन वाळत घालत होतो आणि बकऱ्यांच्या पायांत मला एक पांढरा गोळा दिसला. मोसंब्याएवढा, अंगावर सीताफळासारखे खवले. एक बकरी त्याला हुंगून वळसा घालून पुढे गेली. बुरशीशी माझी तेव्हाच एकवीस वर्षांची ओळख. हा भुईफोड आहे हे मला लगेच कळलं, पण कुठला, ते कळेना. विभागातली सगळी पुस्तकं चाळली. मग त्याचं चित्र काढलं, मापं लिहिली, गोळा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत डॉ. सरोज केतकर म्हणून बाई होत्या त्यांना पाठवून दिला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. 'श्री. कुंडलिक पगारे यांस सप्रेम नमस्कार.' हा भुईफोड साठ वर्षांपूर्वी एकदाच, ठाण्याच्या खाडीकाठीच कोणाला तरी मिळाला होता. त्यानंतर कोणाला दिसला नव्हता. तो नामशेष झाला असावा अशी समजूत होती. त्याचं लॅटिन नाव मी इथे देत नाही. ज्याला ज्याला ते कळलं, त्याने त्याचं काहीतरी बरं करायला घेतलं, असा अनुभव आहे.

मी पत्र माझ्या बायकोला, शालनला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आता तो खायचा नाही, एवढंच ना?"

पुढच्या वर्षी, ब्याण्णवमध्ये, त्याच जागी दोन आले. मी तार केली. बाईंचं उलट पत्र आलं, मी स्वतः येते.

आता इथे मी जे केलं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. पुण्याहून विदुषी येणार, तीही आपल्याकडे, म्हटल्यावर आपल्या घरांत जे होतं तेच आमच्याकडे झालं. शालनने पडदे धुतले. मी जिन्यातली जळमटं काढली. आणि आदल्या दिवशी मनुबाईला गाठलं.

"मनुबाई, उद्याचा दिवस बकऱ्या दुसरीकडे न्या. आणि जाळी पण उचला."

"कनाला? बाई बकऱ्यांना भितं काय?"

"तसं नाही हो. बरं दिसत नाही."

मनुबाईने जाळी गोळा केली. मग मी खराटा घेऊन पट्टीवरच्या सगळ्या लेंड्या झाडून काढल्या. माशांचे खवले वेचले. शालनने मातीत दोन उदबत्त्या खोचल्या. जागा अशी दिसू लागली की तिथे दासबोधाचं पारायण लावावं.

केतकरबाई आल्या. साठीच्या, सुती साडी, पायात रबरी चपला. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कोणाला काही कळायच्या आत गवतावर चक्क पालथ्या पडल्या. भिंग डोळ्याला लावून त्या अर्धा तास तशाच होत्या. सोसायटीच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. उठल्या तेव्हा त्यांच्या हनुवटीला माती होती आणि चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"पगारे, तिसऱ्या वर्षीही इथेच आला तर जागा पक्की झाली असं धरता येईल. मग मी हे छापते. शोधणारे म्हणून तुमचं नाव. माझं मागाहून." मग गवतावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "गवत इतकं आखूड कसं हो इथलं? काही चरतं का? कोणाचा वावर वगैरे?"

"छे छे, मॅडम," मी म्हणालो. "एकदम स्वच्छ जागा आहे. कोणी फिरकत नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. जाताना रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "भुईफोड जपता येत नाही. जागा जपा."

मी बावीस वर्षं अशा वाक्याची वाट पाहत होतो. कोणी मला 'बीकर जपा' याच्या पलीकडे काही जपायला सांगितलं नव्हतं. जागा जपायची म्हणजे काय करायचं? कुंपण घालायचं. यात विचार करण्यासारखं काय होतं?

तरी आधी वाटलं, सरकारदरबारी नोंद असावी. ऑफिसांची नावं लिहीत नाही, माझे पेन्शनचे कागद अजून त्यांच्याच भाऊबंदांकडून जायचे आहेत. पहिल्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, "झाड आहे का?"

"नाही."

"प्राणी?"

"नाही."

"मग तुम्हीच सांगा पगारे, आम्ही याला कुठे घालायचं?"

दुसऱ्या ऑफिसात एक छापील फॉर्म मिळाला. उंची, बुंध्याचा घेर, फळ धरते किंवा कसे, आणि तोडायची परवानगी कोणत्या कारणासाठी हवी आहे. मी म्हणालो, तोडायची नाही, राखायची आहे. कारकून म्हणाला, "राखायला परवानगी लागत नाही." त्याने फॉर्म परत ठेवून घेतला, म्हणाला पुन्हा वापरता येतो. तिसऱ्या ठिकाणी साहेबांनी फार आपुलकीने वागवलं. खुर्ची दिली, चहा दिला आणि अळिंब्यांची शेती कशी करावी याचं पत्रक देऊन म्हणाले, "जोडधंदा म्हणून उत्तम. तुमच्यासारख्यांसाठी योजना पण आहे." तुमच्यासारख्या म्हणजे कोणासारख्या ते मी विचारलं नाही. चहा पिऊन झाला होता.

मग सोसायटीकडे अर्ज केला. सेक्रेटरी विश्राम तावडे उत्साही माणूस. त्यांना काहीही सांगा, ते आधी बॅनर किती फुटांचा ते विचारतात. त्यांनी विशेष सभा बोलावली. चेअरमन खांबेटेकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, ते अध्यक्षस्थानी.

"विषय काय?" खांबेटेकाका.

"कुत्र्याची छत्री," मागून कोणीतरी म्हणालं.

मी उभं राहून दहा मिनिटं बोललो. साठ वर्षं, खाडीकाठ, एकमेव जागा. मी बरा बोललो असावा, कारण सभा शांत होती. मग प्रश्न आले. भाजी होते का? मधुमेहाला चालतो का? दुसऱ्या मजल्यावरच्या कलावतीबाईंनी सुचवलं की शेजारी तुळस लावावी, म्हणजे हवा शुद्ध राहील. एकाने विचारलं, "पगारे, तुमच्या लोकांत हे खातात ना हो? म्हणजे तुम्हाला माहिती असेल म्हणून विचारतो." मी म्हणालो, "आमच्या लोकांत आम्ही याला लॅटिन नावाने ओळखतो." दोघं-तिघं हसले. त्यातला एक मागाहून म्हणाला, "रागावू नका हं." आपल्याकडे घाव आणि मलमपट्टी एकाच दुकानात मिळते.

शेवटी तावडे उठले. "मंडळी, महाराष्ट्रात कुठल्या सोसायटीकडे स्वतःचा दुर्मिळ भुईफोड आहे? आपण कुंपण घातलंच पाहिजे. आणि कुंपण घातलं की जाळ्यांचा प्रश्नही आपोआप मिटतो."

टाळ्या भुईफोडासाठी नव्हत्या हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं असेलही. पण त्याच टाळ्यांत 'भुईफोड संवर्धन उपसमिती' स्थापन झाली होती, पाच सभासद आणि एक तांत्रिक सल्लागार. इतिवृत्तात माझं नाव होतं. इतिवृत्ताची एक प्रत मी घरी आणली.

घरी शालनने वाचलं आणि विचारलं, "मनुबाईने जाळी कुठे सुकवायची?"

"सुकवेल कुठेतरी. एवढी खाडी पडली आहे."

"अहो, खाडीत पाणी असतं."

बायकांना शास्त्रात गती नसते असं म्हणून मी तो विषय संपवला. शालन बी.एस्सी. आहे, मी इंटर.

काटेरी तार आणायला नौपाड्यात गेलो. तारेचं भेंडोळं रिक्षातून आणायचं, ही उपसमितीची काटकसर. माजिवड्याच्या वळणावर ते भेंडोळं सीटवर आडवं झालं आणि सीटही फाटली, माझी पँटही. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, हे कशाला?" मी म्हणालो, "एक बुरशी आहे, तिच्या संरक्षणासाठी." त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा सगळा रस्ता बोललाच नाही. मी एका अंगावर कलून बसून घरी आलो.

कुंपण उभं राहत होतं तेव्हा मनुबाई आली. तिच्या बकऱ्या तिच्या मागे उभ्या होत्या, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारख्या.

"मास्तर, यो काय चाललाय?"

मी समजावून सांगितलं. दुर्मिळ आहे, पुण्याच्या बाई, तिसरं वर्ष. ती ऐकत होती. मग म्हणाली, "यो फुगा मी लगीन होऊन आले तवापासून बगतंय. आमची जालां सुकतान, बकऱ्या चरतान, म्हनून तं यो इथं येतं. पलीकरं कुंपनात बग, कंपनीचे जागेत. तिथं बकरी नाय फिरत. तिथं कवा फुगा दिसला?"

"मनुबाई, शास्त्र वेगळं असतं."

"आसंल," ती म्हणाली. "मना काय ठाव. पन मी जालां कुठं टाकू, ता तं सांग."

मी सुताराला म्हणालो, खांब जरा सरळ ठोक. माझ्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू देत नसत. तिथे तार नव्हती, गरजच नव्हती. नातवाने शिकून-सवरून तार लावली, आणि वर खांब सरळ आहेत की नाही ते बघत उभा राहिला. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. माणसाला अशा गोष्टी सोयीने सुचतात.

मनुबाई जाळी रस्त्याच्या कडेला सुकवू लागली. दिवाळीच्या सुमाराला एका कारखान्याचा टँकर वळताना तिच्या जाळ्यावरून गेला. मधोमध फाटलं. त्यानंतर ती आमच्या दारात टोपली घेऊन आली नाही. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसती समोरच्या बिल्डिंगपासून वळून जाऊ लागली. शालन एकदा तिला गाठायला गेली, तर मनुबाई म्हणाली, "मास्तरांना सांग, घाई हाय." शालनने मला निरोप दिला आणि भांडी जरा जोरात घासली.

इकडे उपसमितीचं काम जोरात होतं. कुंपणाच्या आतलं गवत गुडघाभर झालं. खांबेटेकाका कौतुकाने म्हणाले, "बघा, उपद्रव थांबल्याबरोबर निसर्ग कसा फुलला." त्यांनी गावाहून आणलेला युरिया स्वतःच्या हाताने टाकला. गवत कमरेएवढं झालं. कलावतीबाईंनी तुळस लावलीच. दारावर कुलूप आलं, त्याच्या दोन किल्ल्या, एक सेक्रेटरींकडे, एक चेअरमनकडे. तांत्रिक सल्लागाराने आत जायचं तर दोघांपैकी एकाला अर्ज द्यायचा. मी अर्ज देत असे. एकदा तो 'कारण अस्पष्ट' म्हणून परत आला.

त्र्याण्णवचा जून गेला, जुलै गेला. ऑगस्ट लागताच तावड्यांनी माझ्या सत्काराची तारीख ठरवून टाकली, एकोणतीस ऑगस्ट, रविवार. प्रमुख पाहुणे ठरले. ते कोण ते सांगत नाही, आपल्याकडे प्रमुख पाहुणे सगळे एकच असतात. निमंत्रणपत्रिका छापली. तिच्यावर भुईफोडाचं चित्र म्हणून देठाची, ठिपक्यांची, झकास छत्री होती. मी म्हणालो, "तावडे, याला देठ नसतो. हा गोळा असतो."

"अरे पगारे, गोळा कोणाला कळणार? लोकांना वाटेल लाडू आहे."

"पण तो अजून आलेलाच नाही."

"येईल ना राव. टेन्शन कशाला घेता? मागची दोन वर्षं आलेला ना? कार्ड वाटून झालीत."

मी रोज सकाळी कुंपणाबाहेरून वाकून बघायचो. गवताशिवाय काही दिसत नव्हतं. सोळा तारखेला नाही, वीसला नाही, पंचवीसला नाही. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारू लागला, "काय पगारे, हलला का पाळणा?" मी हसायचो. अठ्ठावीसला दुपारी किल्ली मिळवली आणि गवतात गुडघ्यांवर रांगत पट्टीचा इंच न् इंच हाताने चाचपला. युरियाची एक पिशवी मिळाली, कलावतीबाईंचा चमचा मिळाला. मी बाहेर आलो तेव्हा गुडघे हिरवे झाले होते. वर गॅलरीत कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं, "हाच तो तांत्रिक."

तावडे मात्र हार मानणारे नव्हते. संध्याकाळी ते गणपतीच्या कारखान्यात गेले. गणपती तीन आठवड्यांवर आले होते, कारागिराला मान वर करायला फुरसत नव्हती. तरी त्याने उंदराच्या उरलेल्या शाडूतून एक गोळा करून दिला, पांढरा रंग दिला, आणि तावड्यांच्या आग्रहाखातर वर थोडी सोनेरी किनारही दिली. तो गोळा त्यांनी कुंपणात, दारापासून दोन फुटांवर, पाहुण्यांना वाकायला लागू नये अशा बेताने विटांवर मांडला.

रविवारी सकाळी साडेनऊलाच केतकरबाई आल्या. मांडवाचे बांबू, लाऊडस्पीकर, माझ्या नावाचा बॅनर, याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या थेट कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. शाडूचा गोळा पाहिला. मग गवत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पगारे, मागच्या वर्षी हे गवत बोटभर होतं."

"हो."

"कोणी कापायचं का?"

आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. "बकऱ्या चरायच्या, मॅडम. मनुबाई म्हणून कोळीण आहे, तिच्या. आणि तिची जाळी इथे सुकायची. रोज."

"रोज," बाई म्हणाल्या. "म्हणजे मासळीचं पाणी मुरायचं. लेंडीखत पडायचं. गवत आखूड राहायचं, जमिनीला ऊन लागायचं." त्या एकेक गोष्ट बोटावर मोजत होत्या. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही म्हणालात, कोणी फिरकत नाही."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडून घ्यायची मला सवय आहे. त्यांनी पिशवीतली वही काढली, मागच्या वर्षीचं पान उघडलं, एका ओळीवर काट मारली आणि वही मिटली.

"परत येईल का, मॅडम?"

"कुंपण काढा. त्या बाईला परत बोलवा. आणि याचं बी कुठे मिळालं तर पेरून बघता येईल. पिकून वाळल्यावर आत तपकिरी पूड होते ना, तेच याचं बी. माझ्याकडचे तुमचे नमुने औषधात घातलेले आहेत, त्यांचा उपयोग नाही. जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही." कार्यक्रमाला त्या थांबल्या नाहीत. रिक्षा बघून त्या ठाणे स्टेशनला निघून गेल्या.

अकरा वाजता माझा सत्कार झाला. प्रमुख पाहुण्यांनी शाडूच्या गोळ्याला हार घातला आणि या छत्रीखाली सर्व समाज एक झाला आहे असं सांगितलं. मला शाल दिली, नारळ दिला. बोला म्हणाले. मी उठलो, माइक हातात घेतला, समोर सगळी सोसायटी होती, पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघत होती. सांगायचं सगळं होतं. मी म्हणालो, "उपसमितीचा मी आभारी आहे." आणि बसलो. शालन टाळ्या वाजवत नव्हती. बाकी सगळे वाजवत होते.

संध्याकाळी मी तावड्यांकडे गेलो आणि म्हणालो, कुंपण काढा. तावड्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. कुंपण आता सोसायटीच्या मालमत्तेत दाखल झालेलं आहे. काढायचं तर विशेष सभा, दोन तृतीयांश बहुमत. "आणि पगारे, तुमच्याच सत्काराच्या दिवशी हे असं बोलणं बरं दिसत नाही."

'बरं दिसत नाही' हे शब्द मी ओळखले. माझेच होते.

मी घरातून पक्कड घेतली आणि मागे गेलो. दोन तारा तोडल्या. तिसरी तुटताना उसळली आणि उजवा तळहात या कडेपासून त्या कडेपर्यंत फाडत गेली. तेवढ्यात वॉचमन आला, खांबेटेकाका आले, गॅलऱ्या पुन्हा भरल्या. संरक्षित क्षेत्राची नासधूस केल्याबद्दल उपसमितीने तांत्रिक सल्लागाराला कारणे दाखवा नोटीस द्यावी, असं तिथल्या तिथे ठरलं. मी खांद्यावर तशीच असलेली सत्काराची शाल हाताला गुंडाळली आणि त्यांच्यामधून निघालो तो कोळीवाड्यात गेलो. दवाखान्यात का गेलो नाही, हे मला शालनने नंतर विचारलं. मला मनुबाईला सांगायचं होतं की बकऱ्या आणा, दोन तारा तोडल्यात, बाकीच्या तोडतो.

मनुबाई दारात जाळ्याचं भोक विणत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"मनुबाई, चुकलो. बकऱ्या परत आणा."

"बकऱ्या इकल्या," ती म्हणाली. "चारू कुठं?"

मग तिचं लक्ष शालीकडे गेलं. शाल लाल झाली होती.

"ता काय केलास? हात इकरं आन."

"काही नाही, तार लागली."

"आन बोलतंय ना!" तिने शाल सोडून फेकली, मला खाली बसवलं आणि आत गेली. तंबाखूची एक जुनी पत्र्याची डबी घेऊन आली. माझा तळहात आपल्या मांडीवर पालथा पडणार नाही असा घट्ट धरून तिने डबी त्याच्यावर उपडी केली, बुडावर दोन टिचक्या मारल्या आणि बोटाने जखमेत दाबून बसवलं. बारीक, मऊ, तपकिरी पूड होती. रक्तात कालवून काळी पडत गेली.

"हे काय आहे?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. तेवीस वर्षं मी बुरशी ओळखतो आहे.

"तुजा फुगा," मनुबाई म्हणाली. "जाल्यानं हात कापला का ह्याच लावाचा. दर साली एक पिकू द्याचो आनि डबीत भरून ठेवाचो. औंदा आलाच नाय." तिने डबीत डोकावून पाहिलं, पुन्हा एकदा जखमेवर झटकली. "सरला. आसू दे, तुला पुरला."

मला हात ओढून घ्यायचा होता. तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, आणि रक्त थांबेपर्यंत सोडला नाही.

जखम चार दिवसांत भरली. आता खूणही दिसत नाही.